उन्हाळा गार गेला, मग पृथ्वी तापते आहे हे खरं कसं?

२०२५च्या मे महिन्यात नागपुरात पानठेल्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत एकच वाक्य फिरत होतं: "मे महिन्यात पाऊस येऊन राहिला, आणि हे म्हणतात पृथ्वी तापून राहिली!" वाक्यात टोमणा आहे, पण प्रश्न रास्त आहे. या शहराने २३ मे २०१३ला ४७.९ अंश सेल्सिअस पाहिले आहेत. मे महिन्यात दुपारी ४२-४३ अंश ही इथली सरासरी. अशा ठिकाणी ऐन नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, ढग, गार वारा आणि रस्त्यात डबकी दिसली तर माणूस विचारणारच. नागपूर त्यात एकटं नव्हतं. भारतीय हवामान विभागाच्या नोंदींत १९०१पासूनचा सर्वांत पावसाळी मे २०२५चाच आहे. देशभरात सरासरी १२६.७ मिलिमीटर पाऊस पडला, नेहमीच्या दुपटीहून जास्त.

या प्रश्नाला लोक दोन टोकांची उत्तरं देतात. एक म्हणजे "ग्लोबल वॉर्मिंग वगैरे थापा आहेत". दुसरं, "हेच तर क्लायमेट चेंज!" मला दोन्ही उत्तरं आळशी वाटतात. दुसरं उत्तर निदान योग्य दिशेला बोट दाखवतं, पण थंडी पडली तरी क्लायमेट चेंज आणि ऊन पडलं तरी क्लायमेट चेंज असं म्हणत राहिलं, तर ऐकणारा वैतागतो आणि ते चुकीचं नाही. त्यापेक्षा उष्णतेचा हिशोब मांडून बघू. आली किती, गेली कुठे.

आधी आवक. नागपूर २१.१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून २६ मेच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी छतावर उभी ठेवलेली बाटली क्षणभर सावलीच टाकत नाही. नवतपा सुरू होतो तोही २५ मेच्या आसपास, सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की. म्हणजे पंचांग आणि खगोलशास्त्र दोघंही सांगतात की वर्षातलं सर्वांत सरळ ऊन आपल्याला याच दिवसांत मिळतं. हे कुठल्याही वर्षी बदलत नाही. गार मे असो की भाजणारा, वातावरणाच्या वरच्या टोकाला पोहोचणारी सूर्याची ऊर्जा तेवढीच असते.

इथे व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो मेसेजही निकालात काढू. पृथ्वी सूर्यापासून दूर गेली आहे, एरवी ९ कोटी किलोमीटर अंतर असतं ते आता १५.२ कोटी झालंय, म्हणून ऑगस्टपर्यंत थंडी वाजणार, सर्दी-खोकला होणार. तो दर एक-दोन वर्षांनी परत येतो. पृथ्वी आणि सूर्य यांच्यातलं सरासरी अंतर सुमारे १४.९६ कोटी किलोमीटर आहे. जुलैच्या सुरुवातीला ते सुमारे १५.२ कोटी होतं, जानेवारीत सुमारे १४.७ कोटी. फरक जेमतेम तीन टक्क्यांचा, आणि तो दरवर्षीचाच. शिवाय आपण सर्वांत जवळ असतो ते जानेवारीत, जेव्हा नागपुरात शेकोट्या पेटतात. अंतराने ऋतू ठरत असते तर हे उलटं झालं असतं.

मग एवढी ऊर्जा गेली कुठे?

नेहमीचा मे आठवा. विदर्भ दोन्ही समुद्रांपासून लांब. वारे वायव्येकडून, राजस्थान-मध्य प्रदेशाच्या तापलेल्या जमिनीवरून कोरडे होऊन येतात. आकाश निरभ्र. काळी कसदार जमीन पार सुकून भेगाळलेली. ऊन थेट जमिनीवर पडतं आणि जमिनीकडे ते खर्च करायला दुसरा मार्ग नसतो. ती तापते, तिला टेकलेली हवा तापते, दुपारी ४५ अंश होतात.

आता त्याच जमिनीवर १० मिलिमीटर पाऊस पाडा. १० मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला १० लिटर पाणी. दुसऱ्या दिवशीचं ऊन आधी या पाण्याची वाफ करण्यात जातं, आणि वाफ करणं हे फार महागडं काम आहे. २५ अंशांचं एक लिटर पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सातपटीहून जास्त उष्णता ते पाणी पूर्ण वाफ करायला लागते. ती उष्णता हवेचं तापमान वाढवत नाही, वाफेत दडून बसते आणि वाफ जिथे जाईल तिथे जाते. थोडक्यात, ओला झालेला विदर्भ म्हणजे आपल्या खिडकीतलाच कूलर, फक्त ताट्यांच्या जागी हजारो चौरस किलोमीटर माती.

त्यात ढगांची भर. दाट ढगांचा वरचा पांढरा भाग निम्म्याहून अधिक ऊन आल्या पावली अंतराळात परत पाठवू शकतो. आणि दुपारी विजांसह येणाऱ्या पावसात वरची गार हवा सरळ खाली कोसळते. पाऊस यायच्या पाच मिनिटं आधी जो धुळीचा थंड झोत अंगावर येतो, तो हाच. अर्ध्या तासात पारा दहा अंश उतरतो, कारण आपल्या भोवतीची हवाच बदललेली असते.

राहिला प्रश्न पाणी आलं कुठून. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे ढग-पाऊस आणणाऱ्या वाऱ्यांच्या प्रणाली, हिवाळ्यात उत्तर भारतावरून जातात. उन्हाळ्यात ते एरवी विरळ होतात, पण काही वर्षी एप्रिल-मेपर्यंत रेंगाळतात आणि बरेच दक्षिणेपर्यंत परिणाम करतात. त्याच वेळी मध्य भारतावर कमी दाबाचा पट्टा असला की तो बंगालच्या उपसागरातून आणि अरबी समुद्रातून ओलसर वारे ओढतो. खाली तापलेली ओली हवा आणि वर गार कोरडी हवा अशी थप्पी लागली की दुपारी चार वाजता सिव्हिल लाइन्सची झाडं पडायला लागतात. २०२५ला यात आणखी एक गोष्ट घडली. मान्सून केरळात १ जूनऐवजी २४ मेलाच पोहोचला, २००९नंतर सर्वांत लवकर, आणि मेअखेरीस विदर्भाच्या काही भागांपर्यंतही आला.

इथवर पृथ्वीच्या तापण्याशी या गोष्टीचा संबंध लावायची गरजच पडली नाही, आणि हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. एखादा उन्हाळा गार जाणं हे वातावरणाच्या नेहमीच्या चढउतारात बसतं. २०२३लाही एप्रिलअखेर आणि मेच्या सुरुवातीला असाच अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली होती. कुठल्याही एका वर्षावरून पृथ्वी तापते आहे की नाही हे कळत नाही, मग ते वर्ष गार असो की २०१३सारखं भाजून काढणारं. म्हणूनच हवामानशास्त्रात 'सामान्य' तापमान काढायला तीस वर्षांची सरासरी घेतात. सध्या १९९१ ते २०२० हा काळ धरतात. पेपरात 'सरासरीपेक्षा ५ अंशांनी कमी' असं छापून येतं, ते या तीस वर्षांच्या मानाने. आता गंमत बघा. ती तीस वर्षं स्वतःच जुन्या काळापेक्षा उष्ण आहेत. म्हणजे आजचा 'सामान्य' मे हा आजोबांच्या वेळच्या सामान्य मेपेक्षा वरच्या पायरीवर उभा आहे.

(एका दिवसाच्या, एका यंत्राच्या आकड्यावर तर मुळीच भरवसा नको. मे २०२४च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते. देशभर बातम्या झाल्या. नंतर हवामान विभागाने सांगितलं की तो संवेदकाचा दोष.)

लांबचा हिशोब मात्र स्पष्ट आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० होते, आज ४२०हून जास्त आहेत. हा वायू जमिनीकडून अंतराळात निघालेली उष्णता अडवतो. त्यामुळे पृथ्वीच्या खात्यात दरवर्षी थोडी उष्णता शिल्लक पडते. २०११ ते २०२० या दशकात जगाचं सरासरी तापमान १८५०-१९०० या काळापेक्षा सुमारे १.१ अंशाने वाढलेलं होतं. २०२४ हे जगात नोंदलेलं सर्वांत उष्ण वर्ष, आणि भारतातही १९०१पासूनचं सर्वांत उष्ण. देशाला शतकातला सर्वांत ओला मे मिळाला तो त्याच्या पुढच्याच वर्षी. दोन्ही गोष्टी एकाच देशात, दीड वर्षाच्या आत.

यात आपण नागपूरकर नुसते प्रेक्षक नाही. वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीचं मुख्यालय याच शहरात आहे. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची धुराडी शहराच्या उत्तरेला दिसतात, चंद्रपूरचं २९२० मेगावॉटचं केंद्र दोन-तीन तासांवर. कोळशातल्या एक टन कार्बनपासून साधारण ३.७ टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ही वीज मुंबई-पुण्यालाही जाते, त्यामुळे दोष एकट्या विदर्भाच्या माथी मारण्यात अर्थ नाही, पण गोष्ट आपल्या अंगणातली आहे हे खरं.

आता हिशोबातला सर्वांत रंजक भाग. शिल्लक पडलेल्या उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता हवेत नाही, समुद्रात जाते. १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचं तापमान सरासरी एक अंशाने वाढलं, जगातल्या समुद्रांच्या सरासरीपेक्षा जास्त. समुद्र तापला की बाष्प वाढतं. आणि हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. म्हणजे आपल्याकडे ओले वारे ज्या वर्षी येतील, त्या वर्षी ते पूर्वीपेक्षा जास्त पाणी घेऊन येण्याची शक्यता आहे. वारे इकडे वळले ते योगायोगाने असेल, पण त्यांच्याजवळच्या पाण्यात तापलेल्या समुद्राचा हात असू शकतो. किती टक्के हात, हे एकेका घटनेसाठी वेगळं तपासावं लागतं. शास्त्रज्ञ संगणकावर वाढीव वायू असलेलं जग आणि नसलेलं जग, दोन्ही हजारो वेळा चालवतात आणि अशी घटना कुठल्या जगात किती वेळा होते ते मोजतात. उष्णतेच्या लाटांबाबत या तपासाचं उत्तर बऱ्यापैकी ठाम येतं, वादळी पावसाबाबत ते काढणं बरंच अवघड जातं.

भारताबाबत आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. आपला देश जगाच्या सरासरीपेक्षा कमी वेगाने तापला आहे: १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंश. याचं एक मोठं कारण हवेतली धूळ आणि धुराचे कण मानलं जातं. ते ऊन अडवतात. दुसरं कारण सिंचन, तेच वाफेचं गणित. म्हणजे आपल्या डोक्यावर प्रदूषणाचीच एक घाणेरडी छत्री आहे. हवा स्वच्छ करायलाच हवी, फुफ्फुसांसाठी तरी. पण तसं होईल तसं अडवलेलं ऊन खाली येईल.

तुम्हाला स्वतः काही बघायचं असेल तर पेपरात कमाल नव्हे, किमान तापमानाचा रकाना वाचा. ढगाळ दिवशी दुपार सुखाची जाते, पण तेच ढग रात्री जमिनीची उष्णता सुटू देत नाहीत. वर सिमेंटचे रस्ते आणि सिमेंटच्या गच्च्या दिवसाची उष्णता रात्रभर सोडत बसतात. फुटाळा किंवा अंबाझरी तलावाच्या काठावर रात्री दहाला जो फरक जाणवतो तो मोकळ्या पाण्याचा आणि झाडांचा. गार उन्हाळ्यातही रात्री चिकचिकीत आणि उबट असू शकतात, आणि शरीराला दुपारच्या उन्हातून सावरायला रात्रच लागते.

इथेच कूलरची तक्रार येते. "ऊन कमी आहे, तरी कूलर काम नाही करून राहिला." काम करणार नाहीच. कूलर हवेला कितीही थंड करू शकत नाही, त्याला एक तळ आहे, आणि तो तळ हवेच्या कोरडेपणावर ठरतो. ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर कूलरची हवा तत्त्वतः २३ अंशांच्या आसपास उतरू शकते. ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल तर २८च्या खाली कितीही पाणी ओता, उतरणार नाही. भाजणाऱ्या दिवशी कूलर अधिक गार हवा देतो, ते असं. तेव्हा अशा दिवसांत पंप बंद ठेवा, नुसता पंखा चालवा आणि समोरची खिडकी उघडा. बंद खोलीत पाणी फेकत राहिलात तर गादीला वास येईल, दुसरं काही नाही.

आणि पंप बंद केलात तर टाकी रिकामी करा. मेमध्ये कूलर अर्धवट वापरात असतो तेव्हा डेंग्यूच्या डासांची चैन असते. आठ-दहा दिवस साचलेलं स्वच्छ पाणी त्यांना पुरतं. नुसतं पाणी ओतून देणं पुरेसं नाही, कारण अंडी टाकीच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात. घासणीने भिंत घासायची, आठवड्यातून एकदा.

घरातलं दुसरं संकट वाळवणाचं. कुरड्यांसाठी गहू तीन दिवस भिजत घातला आणि चौथ्या दिवशी आभाळ आलं की घरातल्या बायकांचा चेहरा बघवत नाही. गहू भिजवायच्या आधी पुढच्या पाच-सहा दिवसांचा अंदाज पाहून घ्या. चीक शिजवल्यावर पर्याय उरत नाही. पाऊस आलाच तर कुरड्या पातळ पसरून पंख्याखाली ठेवा, ढीग करू नका. सांडगे, मूगवड्या आतून ओल्या राहिल्या आणि बुरशी धरली तर "तळलं की जातं" या समजुतीवर जाऊ नका. बुरशीची काही विषं तळणाच्या तापमानालाही टिकतात. फेकवत नाही, पण फेकाच.

शेतात प्रकरण अधिक गंभीर. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या पट्ट्यात मृग बहाराचा संत्रा घ्यायचा तर मे महिन्यात झाडाचं पाणी तोडून त्याला ताण द्यावा लागतो. पानं मलूल होतात, वाढ थांबते, झाड अन्न साठवतं आणि जूनच्या पावसाने एकदम फुलावर येतं. मेमध्येच पाऊस पडला की ताण मोडतो. झाड फुलांऐवजी नवतीवर, म्हणजे नव्या पालवीवर, जातं, हिरवंगार दिसतं आणि फळ देत नाही. शेजारच्या बागेत हिवाळ्याच्या शेवटी फुललेल्या आंबिया बहाराची छोटी फळं लागलेली असतात, त्यांना गारपीट आणि वादळ गाठतं. शहरात आपण ज्याला "काय मस्त हवा आहे" म्हणतो, ती हवा बागाइतदाराला दोन्ही बाजूंनी कापते.

कापसाचंही तसंच. उन्हाळी नांगरट करून जमीन तापू देतात, म्हणजे गुलाबी बोंडअळीचे कोष उघडे पडून मरावेत. जमीन तापलीच नाही तर त्याचा उपयोग कमी. वर लवकर पाऊस पाहून लवकर पेरणीचा मोह होतो, आणि लवकर लावलेली कपाशी बोंडअळीला लवकर घर देते. २०२५ला आणखी वाईट झालं. मेअखेरीस विदर्भात शिरलेला मान्सून तिथेच थबकला, जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकला नाही, पारा पुन्हा चढला. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय पेरू नये, हा कृषी विभागाचा दरवर्षीचा सल्ला अशा वर्षासाठीच असतो.

विजेबद्दल थोडक्यात. वळवाच्या पावसात विदर्भात माणसं आणि जनावरं दगावतात, बहुतेक शेतात किंवा झाडाखाली. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' हे मोफत अ‍ॅप आसपासच्या विजांची सूचना देतं. ते नसेल तर एवढं पुरे: चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ गेला तर पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही.

शेवटची गोष्ट गार मेनंतरच्या जूनची, कारण धोका तिथे आहे. उन्हाची सवय शरीराला साधारण एक ते दोन आठवड्यांत होते. घाम लवकर सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जातं, हृदयावरचा भार हलका होतो. नेहमीच्या वर्षी एप्रिलपासून पारा हळूहळू चढतो आणि मेपर्यंत आपण तयार झालेले असतो. मे गार गेला तर ही तयारी होत नाही, किंवा झालेली उतरते. मग जूनमध्ये अचानक चार दिवस ४३-४४ अंश झाले, तेही ओल्या हवेत, तर बांधकामावरचा मजूर, डिलिव्हरीवाला पोरगा, घरातले म्हातारे यांना ते नेहमीच्या ४५ अंशांपेक्षा जास्त लागू शकतं. मेच्या अखेरीस दुपट्टा आणि पाण्याची बाटली कपाटात टाकू नका. ऊन परतल्यावर पहिले तीन-चार दिवस बाहेरचं काम सकाळी आटपा, मजूर लावले असतील तर त्यांच्या वेळाही बदला. कोणी बरळू लागलं, अंग तापलं आणि शुद्ध हरपू लागली तर तोंडात पाणी ओतायचं नाही. सावलीत नेऊन अंगावर पाणी टाकायचं, वारा घालायचा आणि १०८ला फोन करायचा.